मुंबईहून विमानाला किती वेळ? हिशेब स्वतःच मांडा

"दिल्लीला विमानानं किती तास लागतात हो?"

डोंबिवली स्टेशनाबाहेर आमचं तिकिटांचं छोटं काउंटर आहे. रेल्वे, बस, विमान, सगळंच काढून देतो. दिवसातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न येतोच. पूर्वी मी "दोन तास" असं ठोकून द्यायचो. हल्ली उलट विचारतो, "कुठून कुठपर्यंत?" समोरच्याला वाटतं, हा आगाऊपणा करतोय. पण दिल्लीचंच घ्या. विमान हवेत असतं साधारण पावणेदोन तास, तिकिटावर छापलेले असतात सव्वादोन तास, आणि डोंबिवलीतल्या दारापासून करोलबागेतल्या दारापर्यंत सहज सात तास जातात. तिन्ही उत्तरं खरी आहेत. पहिल्यांदा विमानानं जाणारा माणूस तिकिटावरचा आकडा धरून बसतो आणि मग लग्नाच्या हॉलवर अक्षता पडून गेल्यावर पोचतो.

म्हणून नव्या माणसाला मी आता कागदावर हिशेब मांडून देतो. तोच इथे लिहितोय. मोबाइल आणि पेन घेऊन बसा.

पायरी १: शहराचं नाव सोडा, विमानतळाचा कोड बघा

मुंबईला आता दोन विमानतळ आहेत. एक आपला जुना सहारचा, छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ. त्याचा कोड बीओएम. शहराचं नाव १९९५ साली बदललं, कोडात मात्र अजून 'बॉम्बे'च आहे. दुसरा उलव्याचा नवी मुंबई विमानतळ, कोड एनएमआय. तिथून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं सुटू लागली. नकाशात दोन्ही सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटरवर आहेत, पण मध्ये खाडी आहे. रस्त्यानं अंतर बरंच वाढतं आणि संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये वेळेचं तर विचारूच नका. वेबसाइटवर 'मुंबई' टाकलं की दोन्हीकडची विमानं एकाच यादीत येतात. माणूस भाडं बघतो, दोनशे रुपये कमी दिसले की बोट दाबतो, आणि नंतर कळतं की बोरिवलीहून उलव्याला जायचंय. पनवेल, बेलापूर, कळंबोलीकडच्यांना मात्र हाच विमानतळ सोयीचा. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून शिवडी-परळच्या लोकांनाही तो वाटतो तितका लांब नाही.

सहारमध्येही टी१ आणि टी२ अशी दोन टर्मिनलं आहेत. धावपट्ट्या त्याच, पण दारं वेगळी. टी१ विलेपार्ले-सांताक्रूझच्या बाजूला, हायवेला लागून. टी२ अंधेरी-मरोळच्या बाजूला. एका दारातून दुसऱ्या दारात जायला रस्त्यानं चार-पाच किलोमीटर पडतात. आणि "देशातलं विमान म्हणजे टी१" हा जुना समज आता काढून टाका. देशांतर्गत विमानं दोन्हीकडून सुटतात. तिकिटावर टर्मिनल छापलेलं असतं, ते बघा आणि रिक्षावाल्याला तेच सांगा. नुसतं "एअरपोर्ट" म्हणालात तर तो त्याच्या सोयीच्या ठिकाणी सोडेल.

समोरच्या टोकालाही हेच. गोव्याला दोन विमानतळ आहेत: जुना दाभोळी, कोड जीओआय, आणि जानेवारी २०२३ पासून सुरू झालेला मोपा, कोड जीओएक्स. मुंबईहून दाभोळी सुमारे ४२५ किलोमीटर, मोपा ३९० च्या आत. विमानात हा फरक तीनेक मिनिटांचा, जमिनीवर मात्र तास-दीड तासाचा. मडगावला जायचं असेल तर दाभोळी बरा. सावंतवाडी किंवा बांद्याला जाणाऱ्या चाकरमान्यानं डोळे मिटून मोपा घ्यावा. दाभोळीला उतरून टॅक्सीनं आख्खा गोवा ओलांडत उलटं वर येणारे आणि वर भाड्यावरून कुरकुरणारे मी पाहिलेत.

पायरी २: दोन विमानतळांमधलं हवाई अंतर काढा

सोपा रस्ता असा. गुगल मॅप्समध्ये पहिल्या विमानतळावर बोट दाबून धरा, खाली माहिती उघडली की 'अंतर मोजा' निवडा आणि नकाशा सरकवत दुसऱ्या विमानतळावर न्या. आकडा खाली येतो. एवढ्यानं काम भागतं.

पण मला स्वतःला कागदावरचा हिशेब आवडतो, कारण एकदा करून बघितला की अंतराचा अंदाज डोक्यात बसतो. लागतो तो फक्त शाळेतला पायथागोरस. मुंबईचा विमानतळ १९.०९ अंश उत्तर, ७२.८७ अंश पूर्व. नागपूरचा २१.०९ अंश उत्तर, ७९.०५ अंश पूर्व. अक्षांशांतला फरक २ अंश. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणजे उत्तरेकडे २२२ किलोमीटर. रेखांशांतला फरक ६.१८ अंश. रेखावृत्तं ध्रुवाकडे जवळ येत जातात, त्यामुळे आपल्या महाराष्ट्राच्या पट्ट्यात रेखांशाचा एक अंश १०४ किलोमीटरच्या आसपास भरतो. म्हणजे पूर्वेकडे सुमारे ६४५ किलोमीटर. आता २२२ चा वर्ग, ६४५ चा वर्ग, बेरीज, वर्गमूळ: ६८२. झालं. मुंबई-नागपूर हवाई अंतर ६८० ते ६८५ किलोमीटर.

हा आकडा जमिनीवरच्या आकड्यांशेजारी ठेवून बघा. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर, तोही भिवंडीजवळच्या आमण्यापासून मोजलेला. मुंबईतून तिथवर जायचं ते वेगळंच. रेल्वेनं सीएसएमटी ते नागपूर ८३७ किलोमीटर. कसारा घाट, मग भुसावळ, बडनेरा, वर्धा असं गाडी लोकांना गोळा करत जाते, म्हणून. दिल्लीचंही असंच आहे. हवेतून सुमारे १,१४० किलोमीटर, आणि राजधानीच्या मार्गानं १,३८० च्या वर. तेव्हा रेल्वेच्या वेळापत्रकातलं अंतर घेऊन विमानाचा वेळ काढायला बसू नका. ही चूक शिकलेली माणसंही करतात.

पायरी ३: आठशेनं भागा, चाळीस मिनिटं मिळवा

हे आमच्या काउंटरवरचं गणित. पुस्तकात शोधू नका, पण तिकिटांशी ताडून बघा, जमतं. हवाई अंतराला ८०० नं भागायचं, त्याची तास-मिनिटं करायची आणि वर ४० मिनिटं मिळवायची. ही तिकिटावर दिसणारी वेळ.

नागपूर: ६८५ भागिले ८००, म्हणजे ५१ मिनिटं, अधिक ४०, म्हणजे दीड तास. दाभोळी: ३२ अधिक ४०, एक तास बारा मिनिटं. दिल्ली: ८५ अधिक ४०, दोन तास पाच मिनिटं. तिथे दोन्हीकडे गर्दी असते म्हणून दहा-पंधरा मिनिटं जास्त धरा. कोलकाता सुमारे १,६६० किलोमीटर: दोन तास पाच मिनिटं अधिक ४०, म्हणजे पावणेतीन तास.

हे ८०० कुठून आले? आपण बसतो ती ए३२० किंवा बोइंग ७३७ जातीची विमानं वर गेल्यावर ताशी ८३० ते ८५० किलोमीटरनं जातात. पण सरळ रेषेत कुणी जात नाही. हवेतही ठरलेले मार्ग असतात, लष्करी हद्दी टाळायच्या असतात, त्यामुळे थोडं वळणाचं अंतर वाढतं. ते धरून ८००.

आणि चाळीस मिनिटं? नवा प्रवासी इथेच चक्रावतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तिकिटावरची सुटण्याची वेळ ही विमान आकाशात उडण्याची वेळ नसते. ते गेटवरून मागे सरकण्याची ती वेळ. पोचण्याची वेळही चाकं जमिनीला टेकण्याची नसते, समोरच्या विमानतळावर गेटला लागून थांबण्याची असते. या दोहोंमधल्या काळाला विमानवाले ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात जमिनीवरचं रांगणंही आलं.

आता सहारवर डोळ्यांसमोर आणा. विमान टी२ वरून मागे ढकललं जातं, इंजिनं सुरू होतात आणि ते हळूहळू कुर्ला-घाटकोपरच्या बाजूला जातं. मुख्य धावपट्टीच्या त्या टोकाला २७ हा आकडा रंगवलेला आहे. २७ म्हणजे होकायंत्रावरचे २७० अंश, थेट पश्चिम. विमान वाऱ्याला सामोरं उडतं आणि आपल्याकडे वारा बहुतेक वेळा समुद्रावरून येतो. त्यामुळे जायचं असतं पूर्वेला नागपूरला, पण विमान धावतं पश्चिमेला. खिडकीत असाल तर जुहूचा किनारा खाली सरकताना दिसतो, मग नुसतं पाणी, आणि मग विमान एका पंखावर झुकून सावकाश वळतं. पहिल्यांदा जाणारे नागपूरकर आजोबा इथे हमखास दचकतात. दुबईच्या विमानात तर नाही ना बसलो! शिवाय दहा हजार फुटांच्या खाली साधारणपणे ताशी २५० नॉट, म्हणजे सुमारे ४६० किलोमीटरची वेगमर्यादा असते. चढताना आणि उतरताना विमान असं निम्म्या वेगानं चालतं.

त्यात सहारच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदून जातात. दोन आहेत, पण एकाच वेळी दोन्हींवरून विमानं उडवता-उतरवता येत नाहीत. दिवसाला नऊशेच्या वर विमानांची ये-जा त्यावर चालते, म्हणजे दर दीड-पावणेदोन मिनिटाला एक. उतरायची रांग लांबली की तुमचं विमान वरच्या वर लंबगोल फेऱ्या मारत राहतं. एक फेरी चार-पाच मिनिटांची. शेजारची खाडी तिसऱ्यांदा दिसली की समजायचं, रांगेत आहोत. घाबरायचं काही नाही. अशा वेळेसाठी जादा इंधन घेतलेलंच असतं. कंपन्यांनाही हे पाठ आहे, त्यामुळे त्या वेळापत्रकात थोडी मोकळीक आधीच धरून ठेवतात. कधी रांग नसली की "आपण निर्धारित वेळेच्या पंधरा मिनिटं आधी पोचलो आहोत" अशी घोषणा होते आणि लोक टाळ्या वाजवतात.

पायरी ४: विमान पंख्याचं आहे का बघा

जळगावसारख्या जवळच्या ठिकाणी बऱ्याचदा एटीआर ७२ असतं, दोन्ही पंखांवर पंखे असलेलं. त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास. इथे ५०० नं भागा आणि २५ मिनिटं मिळवा. समजा कोल्हापूरला असं विमान मिळालं, तर हवेतून सुमारे ३१० किलोमीटर: ३७ अधिक २५, एक तास. या विमानात वरचे बॅगेचे कप्पे लहान असतात, मोठी केबिन बॅग नेऊ नका. बाकी काही वेगळं नाही.

पायरी ५: महिना कोणता ते विचारा

कोलकात्याला जाताना तिकिटावर दोन तास पस्तीस मिनिटं आणि परतीच्या तिकिटावर तीन तास, असं बघून एका गिऱ्हाइकानं मला सरळ विचारलं, "येताना लांबून आणतात का?" लांबून नाही आणत, वारा आडवा येतो. हिवाळ्यात उत्तर भारतावरून, दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. त्याची कड मध्य भारतापर्यंत जाणवते. पूर्वेला जाणाऱ्या विमानाला तो पाठीमागून ढकलतो, परतणाऱ्याच्या तोंडावर येतो. भरतीच्या वेळी होडी हाकणाऱ्या कोळ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. पावसाळ्यात दक्षिणेकडच्या भागावर उंचावरचे वारे उलटे, पूर्वेकडून वाहू लागतात, आणि मग हा फरक मावळतो. दिल्ली मुंबईच्या उत्तरेला असल्यानं वारा बाजूनं लागतो आणि जाण्यायेण्यात फारसा फरक पडत नाही.

हिशेबात आणखी दोन गोष्टी धरा. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेत धुकं असतं, तेव्हा दिल्ली, लखनौ, अमृतसरचं पहाटेचं विमान शक्यतो नकोच, दुपारचं घ्या. जून-जुलैत मुंबईत मुसळधार असेल तर उतरण्याआधीच्या त्या लंबगोल फेऱ्या वाढतात आणि कधी विमान अहमदाबादला किंवा हैदराबादला नेऊन उतरवतात. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर एकेक दिवस सहारच्या धावपट्ट्या डागडुजीसाठी काही तास बंदही असतात. ते आधीपासून ठरलेलं असतं, पेपरात येतं.

पायरी ६: परदेशी जाताना घड्याळं दोन ठेवा

इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एक काकू मुलाकडे दुबईला निघाल्या होत्या. पहिलंच विमान. मुलाचा मला फोन आला, "आई किती वाजता पोचेल?" दुबई सुमारे १,९३० किलोमीटर. आठशेनं भागून चाळीस मिळवले की तीन तास पाच मिनिटं, पश्चिमेला जाताना थोडं जास्त. माझं गणित तोंडपाठ! म्हटलं, "रात्री दहाला निघतंय, एकला पोचेल." मुलगा तिथल्या एकच्या हिशेबानं आला. काकू तिथल्या पावणेबाराला उतरल्या होत्या. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. लाडवांचा डबा मांडीवर घेऊन बाई तासभर बाहेरच्या बाकावर बसून होत्या, भारतातलं सिमकार्ड बंद. तिकिटावर पोचण्याची वेळ स्वच्छ छापलेली होती. मी ती वाचली नाही, बेरीज करत बसलो.

नियम एवढाच: तिकिटावरची सुटण्याची वेळ इथली, पोचण्याची वेळ तिथली. दोन्ही स्थानिक. मुंबईहून पहाटे चारला सुटून दुबईला ५.४० ला पोचतंय असं दिसलं तर प्रवास १ तास ४० मिनिटांचा नाही. त्यात दीड तास मिळवा, ३ तास १० मिनिटं. सिंगापूर आपल्या अडीच तास पुढे, तिथे उलट वजा करा. लंडन हिवाळ्यात साडेपाच तास मागे आणि उन्हाळ्यात साडेचार, कारण तिथे घड्याळं पुढे-मागे करतात. पोचण्याच्या वेळेशेजारी बारीक '+१' दिसला तर दुसऱ्या दिवशीची तारीख. मध्यरात्रीनंतरच्या विमानांचा घोळ तर वेगळाच. १५ तारखेला पहाटे एकचं विमान असेल तर घरातून १४ तारखेला रात्री निघायचं असतं. एक दिवस उशिरा येणारे लोक दर सुट्टीत एक तरी असतात.

घड्याळांची ही गंमत आपल्या शहराला जुनीच. देशात १९०६ साली प्रमाणवेळ आली तरी मुंबई १९५५ पर्यंत आपली वेगळी वेळ पाळत होती, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे.

लांबच्या प्रवासात अंतराचं गणित पायथागोरसनं जमत नाही, कारण पृथ्वी गोल आहे. घरात मोसंबं असेल तर त्यावर पेननं अंदाजे मुंबई आणि न्यूयॉर्क काढा आणि दोरा ताणून धरा. सपाट नकाशात वाटतं की विमान अरबस्तान, आफ्रिका, मग अटलांटिक असं डावीकडे जाईल. दोरा मात्र वर सरकतो: पाकिस्तान-अफगाणिस्तान, मध्य आशिया, रशिया, नॉर्वे, आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, मग कॅनडा. सुमारे साडेबारा हजार किलोमीटर, आणि हाच सगळ्यांत जवळचा रस्ता.

पण दोऱ्याच्या रस्त्यावर देश असतात, आणि देशांची भांडणं असतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली आणि त्या बंदीची मुदत वाढत राहिली. तेव्हापासून आपल्या कंपन्यांची युरोपला जाणारी विमानं अरबी समुद्रावरून आखाताकडे वळसा घेतात. त्यामुळे लंडनसारख्या ७,२०० किलोमीटरच्या मार्गावर, वळसा आणि समोरचा वारा मिळून, जाताना साडेनऊ-दहा तास धरावे लागतात. येताना नऊच्या आसपास. मागच्या वेळी किती लागले होते ते इथे उपयोगाचं नाही. त्या-त्या महिन्याचं तिकीट बघा.

पायरी ७: घराच्या दारापासून उलटं मोजा

आता कागदाच्या तळाला विमान सुटण्याची वेळ लिहा आणि वर-वर चढत जा. समजा डोंबिवलीच्या एका कुटुंबाचं नागपूरचं विमान टी२ वरून सकाळी ११ ला आहे. बोर्डिंगचं गेट बहुतेक कंपन्या २५ मिनिटं आधी बंद करतात: १०.३५. सामान देण्याचा काउंटर तासभर आधी बंद होतो: १०. सामानाची रांग, सुरक्षा तपासणी आणि टी२ च्या आतली चाल धरून ९ ला दारात पाहिजे. चाल हसण्यावारी नेऊ नका. शेवटच्या गेटपर्यंत म्हाताऱ्या माणसाला पंधरा मिनिटं लागतात. तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवा.

डोंबिवलीहून टी२ ला आता चांगला रस्ता झालाय. लोकलनं घाटकोपर, तिथून मेट्रो १ नं मरोळ नाका, तिथे खाली उतरून मेट्रो ३, आणि पुढचंच स्टेशन टी२. टी१ ला जायचं असेल तर त्याच मेट्रोनं आणखी दोन स्टेशनं. ट्रॅफिकचा संबंध नाही. सव्वादोन तास धरा. म्हणजे पावणेसातला घरातून निघायचं. पण सकाळी सातच्या सुमाराला डोंबिवलीहून मुंबईकडे जाणाऱ्या फास्ट लोकलमध्ये ट्रॉली बॅग घेऊन चढायचं म्हणजे बॅग चढेल, तुम्ही राहाल. सामान जास्त असेल तर डोंबिवलीहूनच सुटणारी स्लो पकडा आणि अर्धा तास आधी निघा, नाहीतर गाडी करा. पहाटे पाच-सहाच्या विमानाला मेट्रो मिळत नाही, तिथे टॅक्सीच.

पुढचा हिशेब: साडेबाराला नागपूर, बॅग यायला वीस मिनिटं, सोनेगावहून धरमपेठेत पोचायला वीस-पंचवीस. सव्वा वाजला. घर ते घर साडेसहा तास, त्यात विमान दीड तासाचं. तुलनेला, रात्री सीएसएमटीहून सुटणारी दुरांतो सकाळी नागपुरात सोडते आणि झोपही होते. गोव्याला, किंवा संभाजीनगरसारख्या हवेतून २८० किलोमीटरवरच्या गावाला निघालात तर हा कागद आधी मांडा. पाचशे किलोमीटरच्या आत विमान बऱ्याचदा वेळ वाचवत नाही, फक्त दगदगीचा प्रकार बदलतं. दिल्ली, कोलकाता, चेन्नईला मात्र प्रश्नच नाही.

मध्ये विमान बदलायचं असेल आणि दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढली असतील, तर मधे चार तास तरी ठेवा. पहिल्या विमानाचा उशीर दुसऱ्या कंपनीला सांगून काही उपयोग होत नाही.

पायरी ८: उशीर झाला तर

तिकिटावरचा तो ब्लॉक टाइम इथे पुन्हा कामाला येतो. डीजीसीए म्हणजे विमान वाहतुकीचं नियमन करणारं सरकारी खातं, त्याच्या नियमांत उशिराच्या वेळी खाणंपिणं कधी द्यायचं ते त्यावरच ठरतं. अडीच तासांपर्यंतचा प्रवास असेल तर दोन तास उशिराला, अडीच ते पाच तासांचा असेल तर तीन तासांना, त्याहून लांबचा असेल तर चार तासांना. म्हणजे दिल्लीच्या प्रवाशाला दोन तासांवर चहा-नाश्ता मागता येतो, कोलकात्याच्याला तीन तास थांबावं लागतं. देशांतर्गत विमानाला सहा तासांच्या वर उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातलं एक मागा. वेळेत चेक-इन केलेलं असलं पाहिजे, ही अट आहे. काउंटरवर आवाज न चढवता नियमाचं नाव घ्या, काम लवकर होतं.

न्यायला येणाऱ्या माणसाला उतरण्याच्या वेळेत चाळीस मिनिटं मिळवून वेळ सांगा, परदेशातून येत असाल तर सव्वा तास. फ्लाइटरडारसारख्या अ‍ॅपवर विमान कुठे आहे ते त्याला घरबसल्या दिसतं, विमानाचा नंबर तेवढा पाठवून ठेवा. त्या काकू आता दर वर्षी दुबईला जातात. त्यांच्या मुलाला मी मेसेजमध्ये आधी दुबईची वेळ लिहितो, खाली आपली, आणि तरीही त्याचा फोन येतोच: "दादा, नक्की ना?"